कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांची वाट

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



यशस्वी विद्यार्थ्यांचे अभिनंदन आताच झाले, तेच पुन्हा करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. सत्काराला उभ्या राहिलेल्या मुलामुलींना 'पुढे काय?' असे विचारले, तर बरेच जण 'कॉम्प्युटर' म्हणाले. पुण्या-मुंबईच्या कंपनीत लागायचे, घराला हातभार लावायचा, हा बेत चांगलाच आहे. परंतु कॉम्प्युटर शिकवायचा आहे, त्यात संशोधन करायचे आहे, असे एकही जण म्हणाला नाही. म्हणून आज त्याच वाटेविषयी बोलावे असे आम्ही ठरविले.

प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाला दोन गोष्टी लिहाव्या लागतात : अध्यापनाचा अनुभव आणि संशोधनाचा विषय. अनुभव वर्षे मोजून लिहिता येतो. विषयाला मात्र स्वतःचा प्रश्न लागतो, ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेले नाही असा. आम्ही कला शाखेचे पदवीधर. त्यामुळे कॉम्प्युटरवाल्यांचे प्रश्न आपल्याला कसे कळावेत, असे आम्हांलाही वाटे. परंतु अरविंद जोशी यांचे काम वाचले आणि तो समज गेला.

जोशींचा जन्म १९२९ साली पुण्याचा. १९५० साली पुणे विद्यापीठातून ते इंजिनिअर झाले, पुढे अमेरिकेत गेले व नोकरी करता करता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकू लागले. तेथे १९५८-५९ साली झेलिग हॅरिस या भाषाशास्त्रज्ञांच्या हाताखाली जे काम चालले होते, त्यात ते सामील झाले. काम काय? तर शाळेत आपण करतो ते वाक्यपृथक्करण! कर्ता कोण, कर्म कोणते, हे युनिव्हॅक नावाच्या यंत्राकडून करवून घ्यायचे. त्या यंत्राच्या स्मृतीत अवघी बारा हजार अक्षरे मावत, म्हणजे या स्मरणिकेची काही पाने. एवढ्याशा जागेत इंग्रजीचे व्याकरण बसविण्याची खटपट त्या मंडळींनी केली. १९६० साली जोशींना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच विद्यापीठात ते शिकवू लागले.

प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. १९७५ साली लेव्ही व ताकाहाशी या सहकाऱ्यांसह त्यांनी व्याकरणाची एक नवी पद्धत मांडली. तिच्यात वाक्य म्हणजे एक लहान झाड. 'मुलगा आला' हे एक झाड. त्याच्या पोटात दुसरे झाड बसवायचे, की 'काल म्हसळ्याहून निघालेला मुलगा आला' असे मोठे वाक्य तयार होते. मूळ झाड मोडत नाही, वाढते. ही पद्धत जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासली गेली.

आणि आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. १९८२ साली त्यांनी मराठी-इंग्रजी सरमिसळ बोलण्यावर निबंध लिहिला. बँकेच्या खिडकीवर आम्ही ती रोज ऐकतो : 'अकाउंटमध्ये बॅलन्स किती आहे?' नामे इंग्रजी, पण 'मध्ये' मराठीच. 'इन खाते' असे कुणी म्हणत नाही. ज्या बोलण्याला आपण धेडगुजरी म्हणून हिणवतो, त्यालाही नियम आहेत हे त्यांनी दाखविले व ते यंत्राला समजतील अशा रीतीने मांडले. आपल्या आजीच्या बोलीत, कोकणी मुसलमान शेजाऱ्यांच्या बोलीत असे किती नियम दडले असतील! यंत्रांना माणसांची भाषा शिकविण्याचे काम आज जोरात चालले आहे. या बोली ज्याच्या कानांत आहेत असा माणूस तिथे हवा. तो आपल्यातला का नसावा?

शिक्षक म्हणूनही जोशी मोठे. १९७२ ते १९८५ ते विभागप्रमुख होते. त्यांच्या विद्यार्थिनी कॅथलीन मॅककिऑन १९८२ साली कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागल्या. ज्या विद्यापीठात बाबासाहेब शिकले तेच हे कोलंबिया. जोशी २०१७ साली निवर्तले.

कोणी म्हणेल, संशोधन करीत बसलो तर घर कोण चालवील? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांपुढेही तो होता. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठविले आणि १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले. शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचेही साहाय्य झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्‌सी. मिळाली. त्यांची शिकवणी आणि संशोधन अशी एकमेकांच्या आधाराने चालली.

त्यांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली आपल्याच जिल्ह्यात, लोणेरे येथे झाले. माणगाव ओलांडून महाडकडे जाताना ते लागते. तेथे शिकायला जाणारी मुले आपल्याला दिसतात. फळ्यापाशी खडू घेऊन उभे राहण्याचे स्वप्न मात्र घरात कोणी बोलून दाखवत नाही.

वाट सोपी आहे असे आम्ही सांगणार नाही. अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमणुका होतात, त्यांत पोट भरणे कठीण. म्हणून पाया पक्का हवा. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे तर बी.ई. व एम.ई. हवे आणि दोहोंपैकी एकात प्रथम वर्ग. विज्ञान महाविद्यालयात एम.एस्‌सी.नंतर नेट अथवा सेट. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला गेल्यास विद्यावेतन मिळू शकते. पीएच.डी.साठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीचीही आहे. १९९० सालच्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या या सवलती खुल्या झाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. तो आणि जात वैधता प्रमाणपत्र अर्जाची तारीख जवळ आल्यावर नव्हे, याच सुट्टीत काढून ठेवावे. अडचण आल्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटावे, आम्हीही रविवारी विहारात असतो.

जयभीम! नमो बुद्धाय!