एवढ्याशा पाण्यात काय बघायचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



१९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना झाली आणि कारखान्यामुळे आपल्या गावाला रसायनी हे नाव मिळाले. पण रसायनशास्त्राचा उपयोग कारखान्यापुरताच नसतो, हे मला आमच्या जाऊबाईंच्या दुखण्यात नव्याने उमगले.

त्यांच्या खालच्या जबड्याला, मागच्या बाजूस, सूज होती. "दुखत नाही ना, मग मुंबईची खेप कशाला?" असे म्हणत त्यांनी वर्ष काढले. अखेर क्ष-किरणांच्या छायाचित्रात हाडात पोकळी दिसली. दंतवैद्यांनी जाड सुईने आतला द्रव काढून तपासणीस पाठविला. जाऊबाई मला म्हणाल्या, "तू रसायनशास्त्र शिकलीस. एवढ्याशा पाण्यात काय बघायचे असते ग?"

त्यांना सांगितले तेच आपणास सांगते. हाडातल्या अशा पिशवीला पुटी म्हणतात. तिच्यातील द्रवात प्रथिने असतात. मोरचुदाचे अल्कयुक्त द्रावण घातले की जांभळा रंग येतो; रंग जितका गडद, तितकी प्रथिने अधिक. किडलेल्या दाताच्या मुळाशी होणाऱ्या पुटीत दाहामुळे रक्तातील प्रथिने झिरपतात. त्यांचे प्रमाण बहुधा १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमच्या वर असते. केराटिन साठविणाऱ्या पुटीत ते ४ ग्रॅमपेक्षा कमी आढळते. इंग्लंडमध्ये टॉलर यांनी १९७०च्या सुमारास हा भेद पुढे मांडला. पुढे विद्युत्प्रवाहाने प्रथिने वेगळी केली, तर या दुसऱ्या पुटीत मुख्यतः अल्ब्युमिनचाच पट्टा उमटतो. ग्लोब्युलिन फारच थोडे.

हा भेद कशासाठी? केराटिनची पुटी मुकाट्याने हाड पोखरते आणि शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा उद्भवू शकते. शस्त्रक्रिया कशी करावी आणि पुढे किती वर्षे लक्ष ठेवावे, हे त्यावर ठरते. मात्र पुटीत पू झाला की प्रथिनांचा आकडा फसवतो. म्हणून आजही अखेरचा निर्णय आवरणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच देतात.

जाऊबाईंच्या द्रवात प्रथिने कमीच निघाली. तुकड्याच्या तपासणीनेही केराटिनची पुटीच ठरली. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण वर्षभराच्या चालढकलीने पोकळी वाढली होती, आणि दोन चांगल्या दाढा गमवाव्या लागल्या. आता दर वर्षी छायाचित्र काढावयास त्या स्वतःहून निघतात. खेपेची कुरकुर नाही.

भगिनींनो, घरच्यांच्या शिंकेलाही आपण काढा उकळतो, आणि स्वतःच्या सुजेकडे मात्र पाहत नाही. दुखत नाही म्हणून सूज निरुपद्रवी ठरत नाही. ती दाखवा, काढलेला तुकडा तपासणीस गेला की नाही, हे विचारा, आणि कागद जपून ठेवा.