शहाद्याचा रानपिंगळा आणि आमची चूल

(मदतनीसांच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या वॉर्डननी केलेल्या भाषणावरून)



दरवर्षी मी इथे उभा राहून मुलांचे निकाल, भिंतीचे काम, पाण्याची टाकी असा हिशोब देतो. तो छापील अहवालात आहे, चहाच्या वेळी जरूर पाहा. आज मात्र मी एका घुबडाविषयी बोलणार आहे. मागच्या बाकावरच्या आजीबाई दचकल्या असतील. घुबड म्हटले की आपल्या ख्रिस्ती घरांतही अजून कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. थोडे ऐकून घ्या.

या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. वीतभर उंचीचा, गोल डोक्याचा. आपल्या गावांत चिंचेवर, पडक्या भिंतीत दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळपास कोरे असते, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे असतात, आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे असतात. शिवाय तो दिवसाढवळ्या शिकार करतो. निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसतो, सरडा किंवा उंदीर दिसला की झेप घेतो.

डिसेंबर 1872 मध्ये एफ. आर. ब्लेविट नावाच्या साहेबाने आजच्या छत्तीसगढमधल्या जंगलात हा पक्षी मिळवला. पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी ब्लेविटचेच नाव देऊन त्याची शास्त्रीय नोंद केली. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. नंतर 1880 ते 1884 च्या सुमारास जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही नमुने गोळा केले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे हा पक्षी जिवंत पाहिल्याचा एकही खात्रीचा पुरावा नव्हता. सलीम अली यांच्यासारख्यांनीही शोध घेतला आणि हात रिकामेच राहिले. पक्षी नामशेष झाला असे बहुतेकांनी धरले.

आता या गोष्टीतला खोटेपणा सांगतो. कर्नल मायनर्त्झहागेन नावाच्या प्रसिद्ध इंग्रज पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्यावर चिठ्ठी होती: 1914, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक तापीकाठी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कातडे सोलून भरण्याची जुनी पद्धत डेव्हिडसनची निघाली. म्हणजे कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी चोरला, पुन्हा भरला आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. एका माणसाच्या खोट्यामुळे कितीतरी लोक भलत्याच जागी शोधत राहिले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो. आपणही मुलांच्या दाखल्यांवर जन्मतारखा अंदाजे टाकतो, आणि त्या मुलांना पुढे तहसील कचेरीच्या किती खेपा घालाव्या लागतात! पण तो विषय वेगळा.

मग रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी ठरवले, जिथले नमुने खरे तिथेच जायचे. आधी पूर्वेकडे गेले, काही मिळाले नाही. तिथून शहाद्याला आले. सपाटीवरचे रान केव्हाच संपले होते. डेव्हिडसनच्या वेळी जिथे झाडी होती तिथे शेती झाली होती. ते सातपुड्याच्या पायथ्याशी चढले, आणि 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. 113 वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, तो भाग धुळ्यात होता. पुढे मुंबईच्या बीएनएचएसच्या आणि इतर अभ्यासकांनी तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातले खकनार इथेही तो शोधला, आणि अलीकडे ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. तरीही जगभरातले मोठे पक्षी मिळून हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

‘हरवला होता, सापडला’ असे आपण म्हणतो. मेंढराचा दाखला आपल्याला पाठच आहे. पण त्या दाखल्यातले मेंढरू खरोखर वाट चुकले होते. हा पक्षी कुठेच गेला नव्हता. तो आपल्या ढोलीत अंडी घालत होता, पिल्ले वाढवत होता. शोधणारे चुकीच्या जागी होते, एवढेच.

आमच्या भागातल्या भिल्ल आणि पावरा माणसांचे मला असेच वाटते. कागदावर नाहीत म्हणून कुणी ती नाहीतच असे धरते, आणि एखाद्या दुर्मिळ पक्ष्याची बातमी आली की पहिले बोट त्यांच्याकडेच जाते: हेच जंगल तोडतात. तोड होते, मी नाकारत नाही. सरपणासाठी होते, शेतीसाठी होते. घुबड मारणे, त्याची अंडी काढणे, जादूटोण्यात वापरणे, हेही काही ठिकाणी आहे. पण पायथ्याखालचे सगळे सपाट रान उसा-केळीखाली गेले ते कोणाच्या ताटासाठी? 2006 च्या वनहक्क कायद्याने ज्यांच्या नावे जमीन झाली, त्यांपैकी काही घरे मला माहीत आहेत. जमीन आपली झाल्यावर बांधावरचा मोह आणि सादडा ते पोटच्या पोरासारखा जपतात. पक्षी वाचवायचा म्हणून त्या माणसांना उठवायचे, हा मार्ग मला पटत नाही.

आता माझ्याविषयी. तीन वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या आवारात एक जुना सादडा होता, अर्धा वाळलेला. पावसाळ्याआधी स्वयंपाकघराला लाकूड हवे होते. आमची चूल दोन वेळा पेटते आणि ताटे सत्तर. मी तो तोडायला लावला. कोणाला विचारले नाही, कारण आवार आपले, झाड वाळलेले. खोड पडले तेव्हा वरच्या ढोलीतून दोन पिल्ले बाहेर फेकली गेली. एक जागीच गेले. दुसरे मुलांनी खोक्यात ठेवले, तेही सकाळपर्यंत गेले. रानपिंगळ्याची नव्हती, साध्या पिंगळ्याची होती. हे मी मनाच्या समाधानासाठी कितीदा स्वतःला सांगितले असेल. सहावीतल्या एका मुलाचे आजोबा दुसऱ्या दिवशी भेटायला आले. खोडाकडे पाहून म्हणाले, “सर, वाळलेल्या झाडातच घर असते. हिरव्याला ढोली नसते.” रागावले नाहीत. त्यामुळेच जास्त लागले.

वीस वर्षे मी मुलांना निर्मितीवर धडे देत आलो, चिमण्यांविषयी प्रभू काय म्हणाला ते शिकवत आलो, आणि ढोली कुठल्या झाडाला असते हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. आजोबांना घेऊन मुलांनी मागच्या टेकडीवरची ढोलीची झाडे मोजली. 31 निघाली. त्यांवर खूण केली नाही, कारण खूण केली की झाड लोकांच्या नजरेत येते, असे आजोबांचे म्हणणे. मुलांनी वहीत नकाशा काढला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे भात आता गॅसवर होतो. भाकरी अजून चुलीवरच, कारण सत्तर जणांच्या भाकऱ्यांना सिलिंडर पुरत नाहीत. स्वयंपाकाच्या मावशी म्हणतात, गॅसची भाकरी फुगत नाही. ते मात्र मला पटत नाही, त्यांना चुलीपाशी बसायला आवडते.

तेव्हा या वर्षी ब्लँकेटे नकोत. मागच्या वर्षीची चांगली आहेत, पुरेशी आहेत, आभारी आहोत. या वर्षी मोठी भट्टी आणि वर्षभराची सिलिंडरे यांसाठी मदत हवी आहे. खजिनदारांकडे पावतीपुस्तक आहे.

आणि कोणाला यायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. मुक्कामाला आदल्या दिवशी पोहोचा. मुले सकाळी साडेसातला टेकडीवर नेतील. पायात बूट घाला, भडक कपडे नकोत, आणि वर गेल्यावर बोलायचे नाही. मी स्वतः अजून रानपिंगळा पाहिलेला नाही. त्या सहावीतल्या मुलाचे म्हणणे आहे की त्याने पाहिला, डोक्यावर ठिपके नव्हते. तो आता नववीत आहे आणि आपले म्हणणे सोडत नाही.