रुग्णालयाच्या फाटकातील खाजगी वसुली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

कामगाराला कामाच्या जागी पोहोचण्याबद्दलच पैसे मोजावे लागावेत, आणि ते मोजण्यात चूक झाली तर त्याच्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा एखाद्या मक्तेदाराच्या खिशात जावा, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. परंतु इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत काम करणाऱ्या असंख्य परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ आणि डॉक्टर यांच्या परिचयाची ही गोष्ट आहे. ह्या सेवेत भारतातून गेलेल्या डॉक्टरांची व परिचारिकांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मराठी माणसेही आहेत. प्रश्न मात्र कोणा एका देशाच्या माणसांचा नाही. सार्वजनिक सेवेच्या अंगणात खाजगी वसुलीला जागा दिली की काय होते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम प्रसंग कसा घडतो ते पाहू. एखादी परिचारिका संध्याकाळच्या पाळीला आपल्या मोटारीने येते. रुग्णालयाच्या वाहनतळाची व्यवस्था एका खाजगी कंपनीकडे मक्त्याने दिलेली असते. कर्मचाऱ्यांचे राखीव भाग भरलेले असतात, म्हणून ती दुसऱ्या भागात गाडी लावते. किंवा परवान्याचा कागद काचेवरून खाली घसरतो. किंवा पाळी संपण्याच्या वेळी एखादा अत्यवस्थ रुग्ण येतो आणि तिला दोन तास जादा थांबावे लागते. काही दिवसांनी घरी एक पत्र येते. त्यात शंभर पौंडांची मागणी असते, आणि चौदा दिवसांत भरल्यास साठ पौंडांवर भागेल अशी सवलतही असते. पत्राचा रंग, मांडणी, भाषा, सारे काही सरकारी दंडाच्या नोटिशीसारखे. नगरपालिकेच्या खऱ्या दंडाला इंग्रजीत जी तीन आद्याक्षरे वापरतात, पी.सी.एन., तीच ह्या पत्रावरही असतात. घाबरून पैसे भरणाऱ्यांची संख्या थोडी नसते.

येथेच पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा दंड नाही. दंड करण्याचा अधिकार राज्याला असतो, आणि कायद्याने ज्यांना तो दिला असेल अशा संस्थांना असतो. खाजगी कंपनीचे पत्र म्हणजे कराराचा भंग झाला, सबब पैसे द्या, अशी केवळ एक मागणी होय. फाटकाजवळ लावलेली पाटी हा कंपनीचा प्रस्ताव आणि गाडी उभी करणे ही त्या प्रस्तावाला संमती, अशी ही कल्पना आहे. मागणी मान्य नसेल तर कंपनीला दिवाणी न्यायालयात दावा लावून आपला करार सिद्ध करावा लागतो. ही कायद्यातील स्थिती समजली की निम्मी भीती आपोआप नाहीशी होते.

परंतु भीती गेली म्हणून निष्काळजीपणा येऊ देणे तितकेच घातक आहे. असल्या पत्रांना कायद्यात काही किंमत नाही, ती सरळ केराच्या टोपलीत टाकावीत, हा जुना सल्ला आज अनेकांना महागात पडतो. तो का, हे समजण्यासाठी दोन घटना आठवाव्या लागतील. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 च्या ऑक्टोबरपासून खाजगी जागेवर गाडीच्या चाकाला कुलूप लावण्याची प्रथा कायद्याने बंद झाली. ही सुधारणा स्वागतार्हच होती. परंतु त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांच्या हाती दुसरे साधन दिले. गाडी कोण चालवीत होते हे कंपनीला ठाऊक नसले, तरी काही अटी पाळल्या तर ती गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागू शकते. धारकाचे नाव व पत्ता कंपनी सरकारी वाहन नोंदणी कार्यालयातून विकत घेते. त्याचा दर प्रत्येक नोंदीस अडीच पौंड असा ठरलेला आहे. 2023-24 ह्या एका वर्षात असे सव्वा कोटीहून अधिक तपशील कंपन्यांनी घेतले. सरकारी दप्तरातील नागरिकाची माहिती खाजगी वसुलीचा कच्चा माल कशी बनते, याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी घटना 2015 च्या नोव्हेंबरमधील. चेम्सफर्ड येथील एका दुकानसंकुलाच्या वाहनतळावर दोन तास मोफत थांबण्याची मुभा होती. बॅरी बीव्हिस नावाचे गृहस्थ तेथे छप्पन मिनिटे अधिक थांबले, आणि त्यांच्याकडे पंचाऐंशी पौंडांची मागणी झाली. करारभंगाच्या नावाखाली प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अवाच्या सवा रक्कम उकळणे इंग्रजी कायद्यात अवैध आहे, हा त्यांचा मुद्दा होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे बहुमताने फेटाळला गेला. ग्राहकांची ये-जा चालू राहावी ह्यात जागेच्या मालकाचे न्याय्य हित आहे, पाटीवर रक्कम ठळक अक्षरांत लिहिलेली होती, आणि ती त्या हिताच्या मानाने अवास्तव नव्हती, असे न्यायालयाने ठरविले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपल्या पत्रात ह्या निकालाचा हवाला देते.

परंतु निकाल नीट वाचला तर तो दुधारी आहे. न्यायालयाने कंपन्यांना कोरा धनादेश दिलेला नाही. हित न्याय्य असले पाहिजे आणि रक्कम त्या हिताशी प्रमाणबद्ध असली पाहिजे, ही कसोटीच त्याने घालून दिली. आणि तेथील पाटी ठळक होती ह्या गोष्टीला निकालात महत्त्व आहे. दुकानदाराला गिऱ्हाइकांनी लवकर निघून जावे असे वाटणे समजण्यासारखे आहे. रुग्णालयाला मात्र आपल्या परिचारिकेने पाळी अर्धवट टाकून निघून जावे असे वाटते काय? जिच्याकडे परवाना आहे, तिच्या काचेवरचा कागद घसरल्याने रुग्णालयाच्या कोणत्या हिताला बाधा येते? हाच प्रश्न तक्रारीच्या अर्जात विचारावयाचा असतो.

आता प्रत्यक्ष लढतीची पद्धत पाहू. तिच्यात चमत्कार काही नाही. चिकाटी आणि टिपण ठेवण्याची सवय एवढेच भांडवल लागते.

पहिले काम तारखांचे. गाडीच्या काचेवर नोटीस लावलेली नसेल आणि केवळ छायाचित्रावरून मागणी आली असेल, तर ते पत्र धारकाला घटनेनंतर चौदा दिवसांच्या आत मिळावयास हवे. काचेवर नोटीस लावली असेल, तर धारकाला पाठवावयाचे पत्र अठ्ठावीस दिवस उलटल्यावर आणि छप्पन दिवसांच्या आत यावे लागते. ही मुदत चुकली, किंवा कायद्याने सांगितलेला मजकूर पत्रात नसला, तर धारकावर जबाबदारी टाकता येत नाही. कंपनीला चालकालाच धरावे लागते. चालकाचे नाव खाजगी कंपनीला कळविण्याचे बंधन धारकावर नाही. म्हणून पहिल्याच पत्रात घाईघाईने सारी हकीकत लिहून देण्यापूर्वी तारखा मोजणे शहाणपणाचे. खोटे मात्र कोणीही लिहू नये. न सांगणे हा हक्क आहे, खोटे सांगणे हा हक्क नव्हे.

दुसरे काम पुराव्याचे. पाट्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि ज्या वेळी गाडी लावली त्याच वेळेची घ्यावीत. रात्री अंधारात न दिसणारी पाटी दुपारच्या उन्हात मोठी सुबक दिसते. परवाना, पाळीचे वेळापत्रक, जादा वेळ थांबावे लागल्याबद्दल विभागप्रमुखाची चिठ्ठी, हे सारे जवळ ठेवावे. पाटीवर केवळ 'परवानाधारकांसाठी' एवढेच लिहिलेले असेल, तर परवाना नसलेल्याला तेथे थांबण्याचा प्रस्तावच दिलेला नाही, मग करार झाला कोठून, असा युक्तिवाद करता येतो. कंपनीला जागेच्या मालकाने लेखी अधिकार दिला आहे काय, हेही विचारावे.

तिसरे काम मालकाच्या दारी जाण्याचे, आणि रुग्णालयाच्या बाबतीत हेच सर्वांत मोलाचे. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने 2014 मध्ये रुग्णालयांच्या वाहनतळांविषयी तत्त्वे प्रसिद्ध केली. मक्तेदाराच्या वर्तनाची जबाबदारी रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर आहे, असे त्यांत म्हटले आहे. कर्मचाऱ्याला पाळीनंतर कामासाठी थांबावे लागले असेल तर जादा आकारणी माफ व्हावी, असेही म्हटले आहे. आणि दंडवजा आकारणी वाढविण्याची लालूच मक्तेदाराला मिळेल अशा पद्धतीने मक्ते देऊ नयेत, हे तर स्पष्टच सांगितले आहे. पुढे 2019 च्या डिसेंबरमध्ये सरकारने जी घोषणा केली, तिच्यात ज्यांना वाहनतळ मोफत मिळावयाचा त्यांत रात्रपाळीचे कर्मचारीही होते. म्हणजे कर्मचारी दया मागत नाही. मंडळाने स्वतःच्या खात्याचा शब्द पाळावा, एवढेच तो मागतो. मंडळाने सांगितले तर मक्तेदार आकारणी रद्द करू शकतो.

चौथे काम अपिलाचे. कंपनीकडे केलेला अर्ज फेटाळला गेला, तर ती ज्या व्यवसाय-संघाची सभासद असेल त्याच्या अपील यंत्रणेकडे जाता येते. त्यांपैकी पोप्ला ह्या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा 2012 पासून चालू आहे. तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, वाहनधारकावर नसतो. तेथेही यश आले नाही, तर वसुली कार्यालयांची धमकीवजा पत्रे सुरू होतात, आणि रकमेत आणखी भर पडते. ह्या कार्यालयांना कोणाच्या घरात शिरण्याचा वा सामान उचलण्याचा अधिकार नसतो. परंतु दिवाणी न्यायालयाचे समन्स आले, तर त्या क्षणी सारे काम बाजूला ठेवून मुदतीत उत्तर द्यावे. उत्तर दिले नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि तो महिन्याच्या आत फेडला नाही तर सहा वर्षे नोंदीत राहून घरकर्जापासून सर्वत्र आडवा येतो.

साथींनो, एवढे सारे करून एखादी परिचारिका जिंकते. पण दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या वॉर्डातील दुसरीला तसेच पत्र येते. एकट्याच्या लढाईची मर्यादा ती हीच. कार्डिफ येथील वेल्स विद्यापीठ रुग्णालयाची हकीकत ह्या दृष्टीने मननीय आहे. वेल्समध्ये 2008 पासून रुग्णालयांतील वाहनतळ मोफत करण्याचे धोरण आले. परंतु जेथे खाजगी मक्ते आधीच झालेले होते, तेथे ते मक्ते संपेपर्यंत आकारणी चालूच राहिली. कार्डिफच्या कर्मचाऱ्यांनी आकारणी भरण्यास नकार दिला. 2017 च्या जुलैमध्ये तेथील न्यायालयाने तिघा कर्मचाऱ्यांविरुद्ध निकाल दिला, आणि त्यांच्याबरोबर आणखी कित्येकांवर हजारो पौंडांचा बोजा येण्याची वेळ आली. त्या निकालावर देशभर क्षोभ उसळला. 2018 मध्ये मक्ता संपला आणि तो वाहनतळ मोफत झाला. जी गोष्ट न्यायालयात हरली, ती धोरणाने मिळाली. स्कॉटलंडमध्येही 2008 च्या अखेरीस आकारणी बंद झाली, पण ग्लासगो, एडिनबरो व डंडी येथील तीन रुग्णालये खाजगी करारांत अडकलेली होती. ते करार 2021 मध्ये सरकारला सार्वजनिक पैशाने विकत घेऊन सोडवावे लागले. मक्ता देताना सही क्षणात होते. ती पुसण्यास एक तप लागते आणि किंमत पुन्हा जनतेनेच भरावी लागते.

इंग्लंडमध्ये मात्र अद्याप धरसोडच चालू आहे. महामारीच्या काळात, 2020 मध्ये, कर्मचाऱ्यांसाठी वाहनतळ मोफत झाले. लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवीत होते, तेव्हा पैसे मागणे कोणालाच शोभले नसते. 2022 च्या मार्चअखेर ती सवलत संपली. खाजगी कंपन्यांना शिस्त लावणारी संहिता असावी म्हणून पार्लमेंटने 2019 मध्ये कायदा केला. तीनुसार 2022 च्या फेब्रुवारीत सरकारी संहिता प्रसिद्ध झाली, आणि कंपन्यांनी न्यायालयात धाव घेताच चार महिन्यांत मागे घेतली गेली. मग 2024 मध्ये कंपन्यांच्या संघांनी स्वतःच स्वतःसाठी संहिता लिहिली, आणि 2025 च्या जुलैत सरकारने पुन्हा एकदा लोकांची मते मागविली. ज्याला लगाम घालावयाचा, त्याच्याच हाती लगाम राहिला, तर घोडा कोणत्या दिशेने धावेल हे सांगावयास नको.

वाहनतळ मोफत केला तर बाहेरचे लोक तेथे गाड्या लावतील आणि रुग्णाला जागा उरणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. शहराच्या मध्यभागी असलेल्या रुग्णालयाला जागेचे नियमन करावेच लागते. परंतु नियमन आणि नफा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमन करणाऱ्याला नियम मोडले जाऊ नयेत असे वाटते. नियमभंगावर ज्याची मिळकत अवलंबून, त्याला नियम मोडले जावेत असेच वाटणार. परवाने, राखीव जागा आणि रात्रपाळीला बससेवा ही कामे रुग्णालय स्वतः करू शकते.

अन्यूरिन बेव्हन ह्यांच्या पुढाकाराने 5 जुलै 1948 रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. गरजेच्या क्षणी पैसे मागावयाचे नाहीत, हे तिचे तत्त्व होते. चष्मे आणि कवळ्या ह्यांवर आकारणी बसविण्याचे ठरताच 1951 मध्ये बेव्हन ह्यांनी मंत्रिपद सोडले. चष्म्यासाठी कोणी मंत्रिपद सोडते काय, असे तेव्हा अनेकांनी विचारले. छोट्या आकारणीतूनच मोठे तत्त्व झिरपून जाते, हे त्यांना दिसत होते. भारतातही भोर समितीने 1946 मध्ये सांगितले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये. त्या शब्दाची आठवण ठेवणाऱ्यांनी रुग्णालयाच्या फाटकावरील पाटीकडेही लक्ष द्यावयास हवे.

म्हणून त्या परिचारिकेला दोन गोष्टी सांगावयाच्या. पत्र फाडू नको. तारीख मोज, पुरावा जमव, मुदतीत उत्तर दे. आणि ते पत्र घेऊन एकटी न राहता युनियनच्या बैठकीला ये. तेथे तशीच वीस पत्रे टेबलावर आली म्हणजे मंडळाला त्यांची दखल घ्यावी लागते, आणि पुढचा मक्ता कोणत्या अटींवर द्यावयाचा, किंबहुना द्यावयाचा की नाही, ही चर्चा तेथूनच सुरू होते.