कोणतं नाटक बघायचं?

आम्ही सिद्धेश्वरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज कर्जाचं, हप्त्याचं काही सांगणार नाही. आम्ही नाटक बघायला गेलो, ते सांगणार आहोत. आणि जाण्याआधी आठ दिवस कोणतं बघायचं म्हणून भांडलो, ते आधी सांगणार आहोत.

मे महिन्यात नांदेडला तीन रात्री संगीत नाटकं होती. हळद शिजवून, वाळवून झालेली, हाताला जरा उसंत होती. मजुरीतले थोडे थोडे पैसे बाजूला टाकून आम्ही जीप ठरवली. पण पैसे एकाच रात्रीचे. म्हणजे तिनातलं एक निवडायचं.

खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणी असं कधी निवडलंच नव्हतं. जत्रेतला तमाशा गडीमाणसांचा. कीर्तन, भारूड गावात येईल ते बघायचं. 'तुला काय बघायचंय?' असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आम्ही गटाची बैठक बोलावली आणि कर्ज देताना जशी चौकशी करतो, तशीच नाटकांची केली. गोष्ट काय? किती वेळ चालतं? सोबत कोण? परत कधी?

संगीत नाटक म्हणजे बोलता बोलता पद येतं, आणि पद संपलं की पुन्हा बोलणं. परदेशातल्या ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच सांगतात, आपल्याकडे दोन्ही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' केलं, तेव्हापासून ही चाल पडली. पूर्वी ही नाटकं रात्र रात्र चालायची. आता कापून तीन-साडेतीन तासांत बसवतात. रेडिओच्या ताईंनी तिन्ही नाटकांतली जुनी पदं आम्हाला बैठकीत ऐकवली. तुम्हीही असंच करा. पद आधी कानावर पडलेलं असलं की नाटकात ते ओळखीचं वाटतं.

पहिलं नाटक 'सौभद्र', किर्लोस्करांचंच, 1882 सालचं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, पण थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला. मग कृष्ण युक्ती करतो आणि अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो. हसायचं नाटक. चौघी म्हणाल्या, वर्षभर राबतो, एक रात्र हसून घेऊ. त्यांचं चूक नव्हतं.

दुसरं 'एकच प्याला'. राम गणेश गडकऱ्यांचं, 1919 सालचं. सुधाकर नावाचा हुशार वकील दारूच्या नादी लागतो आणि सगळं घर धुळीला मिळतं. त्याची बायको सिंधू. तिचं काम तेव्हा बालगंधर्वांनी केलं, म्हणजे पुरुषानंच. आम्हाला वाटलं होतं, दारूचं नाटक म्हटल्यावर सगळ्या हेच म्हणतील. पण आमच्यातली आजी म्हणाली, "रोज घरी फुकट दिसतं, ते पैसे देऊन कशाला बघू?" दुसरी म्हणाली, "सिंधू शेवटपर्यंत नवऱ्यालाच सांभाळून घेते आणि मरते. माझ्या पोरीनं ते शिकायचं का?" नाटक मोठंच आहे. पण त्या रात्री आम्हाला ते नको होतं.

तिसरं 'शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांचं, 1899 सालचं. कांचनभट नावाचा बाप पैशाच्या लोभानं आपली कोवळी पोर भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला काढतो. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचं कोण ऐकणार? कोदंड नावाचा तरुण मात्र उभा राहतो आणि लग्न मोडतं.

गोष्ट सांगून झाली आणि बैठक गप्प झाली. कारण आमच्यातल्या एकीच्या घरी त्याच आठवड्यात पाहुणे येऊन गेले होते. पोरगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसलेली. नवरा मुलगा म्हातारा नाही, चांगला कमावता आहे. पण पोरगी सोळाची. ती ताई खाली बघत म्हणाली, "आपण सौभद्र बघू."

आम्ही तिला कुणी काही बोललो नाही. हात वर करून मतं घेतली. शारदेला नऊ, सौभद्राला पाच. मग आजी म्हणाली, "पोरींनाही न्यायचं. त्यांचं तिकीट गटातून." हेही ठरलं.

नाटक सव्वाशे वर्षांपूर्वीचं, पण आमच्या पोरी पदराआड तोंड लपवून रडल्या, आणि म्हाताऱ्याच्या फजितीला खदखदून हसल्या. म्हणजे हसायचं म्हणणाऱ्यांचंही साधलं. परत येताना जीपमध्ये एका पोरीनं विचारलं, "तेव्हा कायदा नव्हता का?"

नव्हता, पोरींनो. नाटकानंतर तीस वर्षांनी, 1929 साली कायदा झाला. हरबिलास सारडा यांनी तो आणला म्हणून त्याला सारडा कायदा म्हणतात. तेव्हा मुलीचं वय धरलं चौदा. 1978 साली ते अठरा झालं, मुलाचं एकवीस. आता 2006 चा कायदा आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह रोखणारा अधिकारी असतो, अंगणवाडीताई त्याच्या मदतीला असते. आणि 1098 या नंबरवर कुणीही फोन करू शकतं, पैसे पडत नाहीत.

त्या ताईचं काय झालं, ते विचाराल. तिनं पाहुण्यांना अजून 'नाही' कळवलेलं नाही. घरात सासरा आहे, दीर आहेत, तिच्या एकटीच्या हातात नाही. पण पोरीचा अकरावीचा फॉर्म तिनं स्वतः जाऊन भरला. फीला कमी पडत होते, ते गटातून दिले. कर्जाच्या वहीत लिहिलंय, 'शिक्षणासाठी'. आणि पाहुणे पुन्हा आले तर आम्ही चौघीजणी तिच्या घरी चहाला जाऊन बसणार आहोत. इंदिराकाकू एकटी होती. आमची ताई एकटी नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे नाटक येवो, तमाशा येवो, पडद्यावरचा सिनेमा येवो. दिसेल ते बघू नका. बसा, गोष्ट विचारा, मत घ्या, आणि ज्या एकीला ते बघणं जड जाणार आहे तिच्या शेजारी बसा. पुढच्या वर्षी आम्ही सौभद्र बघणार आहोत. त्या पाच जणींना तसा शब्द दिलाय.