ऑइल गळतंय कुठून?

जुन्या ट्रकखाली ऑइलचे थेंब दिसले, की बरेच जण थेट चेंबरचं पॅकिंग बदलायला घेतात. पण ऑइल वरून ओघळतं, आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असते असं नाही. आधी उगम शोधा. इंजिन स्वच्छ धुऊन कोरडं करा. थोडं चालवा, बंद करा, आणि टॉर्चने वरून खाली पाहत या. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टर, मग क्रँकचं सील. ओल जिथून सुरू होते, तोच उगम.

कुणी म्हणेल, नवं सील टाकलं की झालं. पण ब्रीदर तुंबला असेल, तर इंजिनाच्या आत दाब वाढतो, आणि नवं सीलही गळू लागतं. ब्रीदर साफ करणं सोपं आहे. क्रँकच्या मागच्या सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो! म्हणून पुन्हा सांगतो, आधी उगम शोधा. कव्हरचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळू नका. पत्रा वाकतो, गळती वाढते. नुसतं ऑइल ओतत राहणंही धोक्याचं, कारण तापलेल्या सायलेन्सर पाइपवर गळणारं ऑइल पडलं तर पेट घेऊ शकतं.

दुरुस्ती होईपर्यंत, निघण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक रोज तपासा.