शपथ आणि उपचार



गळ्यात माळ घालून, देवापुढे शपथ वाहून दारू सोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती शपथ मोलाचीच. परंतु वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, भास होतात. प्रसंगी झटके येऊन जिवावरही बेतते. याला कोणी बाहेरची बाधा समजू नये. अंगाऱ्यावर न विसंबता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. व्यसन हा नुसता दुर्गुण नव्हे, तो आजार आहे.

शरीर सावरले तरी मन ओढ घेतेच. तेथे सोबत लागते. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. जन्माची नव्हे, आजच्या दिवसापुरती दारू टाळायची, हा तेथला धडा.

कोणाचा पाय पुन्हा घसरला, तर त्याला हिणवू नये. पुन्हा उपचारास न्यावे. गावाने मंदिराचा जीर्णोद्धार केला. खचलेला माणूस उभा करणे हाही जीर्णोद्धारच होय.