बाईच्या नावावरचा प्लॉट

(सदाशिव पेठेत झालेल्या आपल्या बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



या बैठकीसाठी मी 'प्लॉटची खरेदी' हा विषय सुचवला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, हा वकिलांचा नाहीतर एजंटांचा विषय, आपल्याकडे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण सल्ला केंद्रात बाई येते ती मारहाणीची, पोटगीची, घराबाहेर काढल्याची तक्रार घेऊन. तिची पिशवी उघडली की लग्नपत्रिका निघते, दवाखान्याचे कागद निघतात, मुलांचे दाखले निघतात, आणि तळाशी एक चकचकीत फाईल निघते. वर गणपती, मागे हिरवे डोंगर, एखादं इंग्रजी नाव. आत तिच्या नावावरचा प्लॉट. तो तिने कधी पाहिलेलाच नसतो, किंवा एकदाच पाहिलेला असतो, रविवारी कंपनीच्या गाडीतून जाऊन.

याच पेठेतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. वीस वर्षं घरी पोळीभाजीचे डबे करत होत्या. वाडा पाडून इमारत व्हायची ठरली, भाडेहक्क सोडल्याचे पैसे आले. आपल्या पेठांत हे घरोघरी घडलं आहे, तुम्हाला नवीन नाही. नवऱ्याच्या मित्राने मुळशीकडे प्लॉट सुचवला. पैसे थोडे कमी पडत होते, म्हणून बाईंच्या पाटल्या गेल्या. त्यांच्या समाधानासाठी प्लॉट त्यांच्या नावावर केला. चार वर्षांनी नवरा घर सोडून गेला. बाईंनी पोटगीचा अर्ज केला, तर त्याने उत्तरात लिहून दिलं, 'अर्जदार स्वतः जमिनीच्या मालक आहेत, त्यांना पोटगीची गरज नाही.' आम्ही सातबारा काढला. त्यावर बाईंचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे कोर्टात त्या मालक आणि तलाठ्याच्या दप्तरात कुणीच नाहीत. जी वस्तू पैसे देऊन घेतली, ती आपली नाही हे त्यांना स्वतःच सिद्ध करावं लागलं.

त्यांच्या फाईलमध्ये काय होतं? नोटरीसमोर केलेलं साठेखत, ताबा पावती, एक रंगीत नकाशा आणि कुणाच्या तरी नावाचं कुलमुखत्यारपत्र. खरेदीखत नव्हतं. साठेखत म्हणजे 'पुढे विकीन' असा करार. खरेदीखत म्हणजे 'विकलं'. शंभर रुपयांवरच्या जमिनीची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते, हा कायदा इंग्रजांच्या काळापासून आहे. नोटरीचा लाल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या अशा विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'सूरज लॅम्प' खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. तरी आजही अशा फायली तयार होतात आणि त्यांवर बायकांच्या सह्या होतात.

नोंदणी का टाळतात, हे समजून घ्या. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचा ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला मनाई केली. २०२३ सालापासून बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे अशी होती. मग एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट विकायचा कसा? एक वाट नोटरीची. दुसरी वाट अशी, की एकमेकांना न ओळखणाऱ्या दहाजणांनी मिळून वीस गुंठे 'सामाईक' घ्यायचे. दस्त नोंदवला जातो, सातबाऱ्यावर नावही लागतं, लोक खूश होतात. पण तुमचा प्लॉट नंबर सात असतो तो फक्त एजंटच्या नकाशात. सरकारी मोजणीत एकच गट, दहाजणांचा, न वाटलेला. रस्त्याकडचा भाग कुणाचा आणि ओढ्याकडचा कुणाचा, यावरून पुढे कुंपणं उपटली जातात.

सरकार अधूनमधून असे व्यवहार नियमित करतं. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच होता, २०२१ साली त्याची मुदत वाढवली. २०२५ साली शहरं, प्राधिकरणं आणि लगतच्या भागांतले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचं ठरलं. एजंट लगेच म्हणतो, 'बघा ताई, सरकारनेच मोकळं केलं.' पण मालकी लागायला रीतसर दस्त लागतो, आणि दस्ताला विकणारा हजर असावा लागतो. तो मेला असेल, त्याची मुलं भांडत असतील, किंवा त्याने तीच जमीन आणखी दोघांना विकली असेल, तर नियमित काय करणार?

दुसरी अट कूळकायद्याची. १९४८ च्या या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'शेतकरी दाखला आम्ही काढून देतो' असं कुणी म्हणालं तर उठून घरी या. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार बेकायदा ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. इथे एक गंमत आहे, हसावं की रडावं अशी. आपल्यातल्या कितीजणी शेतकऱ्यांच्या मुली! भोर, जुन्नर, फलटण, कुठूनकुठून आलेल्या. माहेरच्या सातबाऱ्यावर नाव ठेवलं असतं तर त्या कायद्याने शेतकरीच होत्या. पण वडील गेल्यावर 'भावाला कशाला त्रास' म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून आल्या, आणि आता पुण्यात पैसे मोजून शेतकरी असल्याचा खोटा दाखला घेतात.

माहेरचा विषय निघालाच आहे, तर आज मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, हे सगळं तिथे लिहितात. आणि आणखी काय लिहितात? वडील वारल्यावर मुलगे जातात मालकाच्या रकान्यात, आणि विधवा आई आणि बहिणी कितीदा तरी जातात 'इतर हक्का'त. मालकीण म्हणून हक्क असलेल्या बाईला बोजाच्या रांगेत बसवलेलं असतं. प्लॉटवाल्याला विचारलं तर म्हणतो, 'त्या काय, बहिणी आहेत, त्यांच्या सह्या होऊन जातील.'

या बहिणींचा हक्क हवेतला नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना सहहिस्सेदार केलं, तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अटही गेली. आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्माने आहे, वडील २००५ साली हयात असोत नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या सुटल्या. तेव्हा भावांनी परस्पर विकलेल्या जमिनीवर बहीण आज दावा लावते, आणि तिचं बरोबर आहे.

असा एक दावा आम्ही जवळून पाहतो आहोत. बहीण पुण्यात एका दवाखान्यात झाडूपोछा करते. भावांनी माळाची जमीन एका प्लॉटवाल्याला दिली, त्याने तिचे चाळीसेक तुकडे विकले. तिच्या नावची सही आहे, पण ती म्हणते, मी केलीच नाही. प्रतिवादींची यादी वाचली तर निम्म्याअधिक बायका. निवृत्त शिक्षिका, नर्स, पाळणाघर चालवणाऱ्या. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर ती बसते, समोरच्या बाकावर या बसतात. दोन्हीकडच्यांचं खरं आहे, दोन्हीकडच्यांचे पैसे आणि जमीन गेली आहे. प्लॉटवाला तारखेला येत नाही. भाऊ येतात, पण ते बहिणीशी बोलत नाहीत. ती मला म्हणाली, 'ताई, या बायांनी घेण्याआधी मला एकदा विचारलं असतं तर?' रविवारी गाडीतून उतरून चहापोहे खाणाऱ्या आपल्यापैकी कुणी विचारते का, की ही जमीन कुणाची होती?

बाहेरच्या मोठ्या उदाहरणांकडेही पाहू. पीएसीएल ऊर्फ पर्ल्स कंपनीने जमिनीच्या नावावर सुमारे ४९,१०० कोटी रुपये गोळा केले, देशभरातल्या पाच कोटींहून जास्त लोकांकडून. महाराष्ट्रात गावोगावी तिचे एजंट होते. लोक हप्ते भरत गेले, आपली जमीन कुठे आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं. २०१४ साली सेबीने पैसे परत करायचा आदेश दिला, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा समिती नेमली. परतावा लहान रकमांपासून सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. त्यात एक वेगळीच जखम आहे. अशा कंपन्यांच्या एजंट आपल्यासारख्याच बायका असतात. भिशीतल्या, भजनी मंडळातल्या. कंपनी बुडाल्यावर लोक दिल्लीला जात नाहीत, शेजारच्या ताईंच्या दारात येतात. तुम्हाला कमिशन देऊन चार मैत्रिणी आणायला सांगितलं तर हे आठवा.

आपल्या जिल्ह्यातला विमानतळ पाहा. तो चाकणला होणार म्हणून तिकडे प्लॉट खपले. मग खेड-राजगुरुनगरचं नाव आलं, तिकडे खपले. २०१६ साली पुरंदर जाहीर झालं. मधे जागा बदलायची चर्चा झाली, पुन्हा पहिल्याच सात गावांवर आली. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी. २०२५ साली ड्रोनने पाहणी करायला पथकं गेली तेव्हा गावकऱ्यांनी, त्यात बायाही होत्या, रस्ता अडवला. म्हणजे ज्यांची जमीन ते देत नव्हते, आणि ज्यांना हवी ते 'विमानतळापासून दहा मिनिटं' अशी जाहिरात वाचत होते. शिवाय साठेखतवाल्या बाईने लक्षात घ्यावं, की जमीन संपादनात गेली तर मोबदल्याला आधी सातबाऱ्यावरचं नाव पाहतात.

आणि लवासा तर आपल्या मुळशीतच. २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. घरं घेणारे अडकले. त्यापूर्वी मुगावकडची कातकरी माणसं, आमच्या जमिनी फसवून गेल्या, असं ओरडून सांगत होती. तेव्हा शहरात किती जणांनी ऐकलं?

आता घ्यायचाच असेल तर काय करायचं? कंपनीच्या गाडीने जाऊ नका. एसटीने जा, कामाच्या दिवशी, शक्यतो श्रावणात, म्हणजे पाणी कुठे साचतं आणि रस्ता राहतो का ते दिसेल. विहिरीवर नाहीतर दुकानात बायांशी बोला. कोण विकतंय, बहिणी किती, भांडण आहे का, हे त्या पाच मिनिटांत सांगतात, वकिलाला ते महिन्याने कळतं. तरी वकील हवाच, आणि तो प्लॉटवाल्याने दिलेला नको. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा. सगळे फेरफार मागे जाऊन वाचायला सांगा. तीस वर्षांचा शोध घ्यायला लावा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन दाखवत नसेल, तर तो प्लॉट नव्हे, शेताचा तुकडा आहे. पाचशे चौरस मीटरवरच्या आणि आठाहून जास्त प्लॉटच्या प्रकल्पाची नोंद महारेराकडे हवी, हा कायदा २०१७ पासून आहे. तो चुकवण्यासाठीच 'फार्म प्लॉट' हा शब्द काढलेला आहे. 'बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांकात एक टक्का सूट' असंही सांगतात. ती २०२१ ची सूट राहत्या घराला आहे, मोकळ्या जमिनीला नाही.

फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका. रस्ते, पाणी, वीज करून देतो म्हणून प्लॉट विकला असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मान्य केलं आहे. हप्ते घेऊन परताव्याचं आश्वासन असेल तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा लावायचा आग्रह पोलिसांकडे धरा. एकट्या जाऊ नका. एकट्या बाईला 'तुमच्या मिस्टरांना पाठवा' म्हणतात, दहा जणी गेल्या की खुर्च्या मागवतात.

डबेवाल्या बाईंचं काय झालं, हे विचाराल. पोटगी मंजूर झाली, थोडी. प्लॉटच्या पैशांची केस चालू आहे, पाटल्यांची पावती सापडली ती उपयोगी पडते आहे. पुढच्या बैठकीला त्या येणार आहेत आणि एक वकील मैत्रीणही. ज्यांच्याकडे अशी फाईल आहे त्यांनी ती आणावी, पण झेरॉक्स. मूळ कागद घरीच ठेवा, कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा.